‘डिअर सर’ की ‘हाय जॉन’? व्यवसायाच्या इंग्रजी ईमेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, शहरभर पसरलेली युनिफॉर्मची शिवणयुनिट्स, डाळिंब बाहेर पाठवणारे, सीएच्या ऑफिसात मेल सांभाळणारी मुलंमुली. या सगळ्यांकडून फिरून फिरून जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचून सूर कानाला कळावा म्हणून देवनागरीत दिली आहेत. पाठवताना अर्थातच रोमन लिपीत लिहा.

१. मोठे मोठे शब्द वापरले की मेल औपचारिक होतो का?

नाही. जड होतो, एवढंच.

मराठीत आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. शिवाय ‘मालक’, ‘अण्णा’, ‘साहेब’ या हाकाही हाताशी असतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे तिथे आदर दुसऱ्या तीन जागी जाऊन बसतो: सुरुवातीची हाक, विनंतीचं क्रियापद आणि शेवटची सही. शेड कार्ड (रंगछटांचे नमुने लावलेलं कार्ड) मागायचं आहे असं समजा.

‘सेंड मी द शेड कार्ड.’ हे ‘पाठव’ झालं.
‘कुड यू प्लीज सेंड मी द शेड कार्ड?’ हे ‘पाठवाल का?’
‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड अस द शेड कार्ड बाय फ्रायडे.’ हे ‘आपण पाठवलंत तर आभारी राहू.’

रोजच्या कामाला मधलं वाक्य पुरतं. तिसरं पहिल्या ओळखीसाठी, किंवा समोरच्याला खरोखर तसदी द्यायची असेल तेव्हा. ‘प्लीज सेंड’ हे प्लीज लावूनही आज्ञार्थीच राहतं. नेहमीच्या माणसाला चालतं, पण नव्या गिऱ्हाइकाला प्रश्नरूपानेच विचारा. आणि तिन्ही वाक्यांत अवघड शब्द एकही नाही, हेही बघून ठेवा.

२. पहिलाच मेल आहे आणि नाव माहीत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहू का?

परदेशी पाठवायचा असेल तर नको. ‘रिस्पेक्टेड सर’ ही आपल्या शाळा-कॉलेजच्या अर्जातली भाषा. देशातल्या सरकारी ऑफिसात ती खपते (प्रश्न ११ पाहा), बाहेर ती कानाला विचित्र लागते. ‘डिअर सर’ म्हणालात आणि वाचणारी बाई निघाली, तर सुरुवातच चुकली.

आधी नाव शोधा: कंपनीची वेबसाइट, जुन्या मेलची सही, एजंट. नाही सापडलं तर ‘डिअर पर्चेस टीम’ किंवा ‘डिअर सर ऑर मॅडम’. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ हे दाखल्यावर आणि शिफारसपत्रावर शोभतं, चौकशीच्या मेलवर नाही.

नाव सापडलं तर ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे फक्त आडनाव. ‘मिस्टर जॉन’ ही आपल्याकडून होणारी सर्रास चूक. बाईंना ‘मिज’, लग्न झालंय की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, म्हणून ‘मिस’ आणि ‘मिसेस’ दोन्ही टाळा. नावावरून बाई की पुरुष कळत नसेल तर पूर्ण नाव लिहा: ‘डिअर ॲलेक्स स्मिथ’.

३. परदेशी गिऱ्हाईक कंपनीचा साठीतला मालक मला ‘हाय सुनील’ लिहितो आणि खाली नुसतं ‘जॉन’. मी त्याला नावाने हाक मारायची?

हो. खाली नुसतं पहिलं नाव लिहिणं हे आमंत्रणच असतं. त्यानंतरही ‘डिअर मिस्टर स्मिथ’ चालू ठेवलंत तर त्याला तो आदर वाटत नाही, तुम्ही अंतर राखताय असं वाटतं. पुढचा मेल ‘हाय जॉन’ किंवा, एकदम जड जात असेल तर, ‘डिअर जॉन’ असा सुरू करा.

चाल साधी आहे: त्याच्या शेवटच्या मेलमधला सूर बघायचा आणि तोच धरायचा, शंका असेल तर एक पायरी वर. खाली कधी नाही. त्याने ‘चिअर्स’ लिहिलं म्हणून आपण ‘येप, नो प्रॉब्लेम’वर उतरायचं कारण नाही.

देशानुसार अपवाद आहेत. जर्मन माणसाच्या सहीत ‘डॉक्टर’ असेल तर तो सोडू नका. तो स्वतः पहिल्या नावावर येईपर्यंत आडनावच. जपानी गिऱ्हाइकाला आडनावापुढे ‘सान’. आखाती देशांत मात्र ‘मिस्टर अहमद’ असं पहिल्या नावालाच मिस्टर लावायची रीत आहे. म्हणजे प्रश्न २ मध्ये जी चूक म्हटली, ती तिथे चूक नाही.

आणखी एक. बोलताना आपण दर वाक्याला ‘सर’ म्हणतो. तो ‘सर’ मेलच्या मधल्या वाक्यांत आणू नका.

४. ‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट’ हे चुकीचं इंग्रजी आहे का? सगळेच तर लिहितात.

देशात सगळ्यांना कळतं, म्हणून पुण्या-मुंबईच्या ऑफिसला पाठवताना जीव खायची गरज नाही. बाहेर मात्र अडचण होते, आणि ती व्याकरणाची कमी, कामाची जास्त आहे.

‘डू द नीडफुल’मध्ये नेमकं काय करायचं हेच सांगितलेलं नसतं. बँकेला किंवा गिऱ्हाइकाला हे लिहिलं की तो विचार करत बसतो. त्याऐवजी काम लिहा, समजा एलसीत (गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेल्या पेमेंटच्या हमीपत्रात) बदल हवा आहे: ‘प्लीज अमेंड द एलसी टू शो लेटेस्ट शिपमेंट डेट ॲज १५ मार्च.’ ‘रिव्हर्ट’चा बाहेरचा मूळ अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणं’. ‘रिव्हर्ट ऑन द प्राइस’ वाचून एखाद्याला वाटेल, तुम्ही जुन्या भावावर परत जायला सांगताय. ‘रिप्लाय’ लिहा, विषय संपला.

सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘डाउट’. आपल्याला विचारायचं असतं शंका म्हणून, पण ‘वी हॅव अ डाउट अबाउट युअर पेमेंट टर्म्स’ म्हणजे त्याच्या कानाला ‘आमचा तुमच्यावर भरवसा नाही’. तिथे ‘क्वेश्चन’ हवा.

बाकीचे पटापट: ‘प्रीपोन’ऐवजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’, ‘आउट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘ट्रॅव्हलिंग’, ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ काढून टाका, आणि ‘प्लीज कन्फर्म द सेम’मध्ये ‘सेम’च्या जागी ती वस्तू लिहा: ‘प्लीज कन्फर्म द कार्टन साइझ.’

५. फाइल जोडताना ‘प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ’ लिहावं का?

‘हिअरविथ’ कागदी पत्रांच्या काळातला, तो गाळा. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ चालतं. ‘आय हॅव अटॅच्ड द प्रोफॉर्मा इन्व्हॉइस फॉर ऑर्डर ४१२’ त्याहून चांगलं, कारण फाइल उघडायच्या आधीच कळतं. आणि आधी फाइल जोडा, मग वाक्य लिहा. उलट केलं की काय राहतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

६. शेवटी ‘युअर्स फेथफुली’, ‘सिन्सिअरली’, ‘रिगार्ड्स’… कुठे काय?

ब्रिटिश रीत अशी: सुरुवात ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर ‘युअर्स फेथफुली’, नाव घेतलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. अमेरिकेत नुसतं ‘सिन्सिअरली’. पण हे पत्राचे नियम. ईमेलला ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट रिगार्ड्स’ जवळपास कुठेही बसतं. नुसतं ‘रिगार्ड्स’ थोडं कोरडं वाटतं. नाराजी दाखवायची असेल तेव्हा ते कामाला येतं (प्रश्न ७). ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ देशात चालतं. ‘युअर्स ओबीडिअंटली’ आता कुणालाच नको.

७. पेमेंट थकलंय. गिऱ्हाईक तुटायला नको, पण पैसे तर हवेत. कसं लिहायचं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याला वाटतं औपचारिक म्हणजे नम्र. इंग्रजीत ओळखीच्या माणसाशी अचानक औपचारिक होणं हा रागाचा सूर असतो. इतके दिवस ‘हाय जॉन’ होतं आणि आज ‘डिअर मिस्टर स्मिथ’ आलं, की जॉन खुर्चीत सरळ बसतो. म्हणून ही पायरी पहिल्याच दिवशी खर्च करू नका.

मुदत संपल्यावर दोन-तीन दिवसांनी पहिला मेल. सूर नेहमीचाच, आणि दोष कुणावर नाही:

‘हाय जॉन, जस्ट अ क्विक नोट दॅट इन्व्हॉइस २१८ फॉर ८,४०० डॉलर्स वॉज ड्यू ऑन १० जून. कुड यू लेट मी नो व्हेन वी कॅन एक्स्पेक्ट द पेमेंट?’

आठवड्याने दुसरा. हाक ‘डिअर जॉन’. आता ‘जस्ट’ आणि ‘क्विक’ गळतात:

‘वी हॅव नॉट यट रिसीव्ह्ड पेमेंट फॉर इन्व्हॉइस २१८, विच इज नाऊ टेन डेज ओव्हरड्यू. प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट बाय थर्सडे, २३ जून.’

वाक्याचा कर्ता ‘वी’ आहे हे पाहा. ‘यू हॅव नॉट पेड’ म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं.

तिसरा मेल ‘डिअर मिस्टर स्मिथ’ने सुरू, नुसत्या ‘रिगार्ड्स’ने शेवट, आणि मध्ये परिणाम स्पष्ट: ‘अनलेस वी रिसीव्ह पेमेंट बाय ३० जून, वी विल हॅव टू होल्ड द नेक्स्ट शिपमेंट.’ जे खरंच करणार आहात तेवढंच लिहा. माल रोखायची धमकी देऊन कंटेनर भरला तर पुढचे मेल कुणी वाचत नाही.

‘जंटल रिमाइंडर’ एकदा ठीक. तिसऱ्यांदा पाठवला की टोमणा वाटतो. दर मेलमध्ये इन्व्हॉइस नंबर, रक्कम, मुदतीची तारीख हवीच. बिल पुन्हा जोडा, त्याला शोधायला लावू नका. आणि बँकेचा खाते नंबर मेलमधून बदलून कळवू नका. ‘खातं बदललंय’ असा मेल फसवणुकीत नेहमीचा असतो. तसा मेल आला तरी फोन करून, जुन्या नंबरवर, खात्री केल्याशिवाय पैसे हलवू नका.

देशातलं गिऱ्हाईक असेल आणि तुम्ही नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर तिसऱ्या मेलमध्ये २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचा उल्लेख करता येतो. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे मुदत जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. पहिल्याच मेलमध्ये कायदा काढला तर मात्र गिऱ्हाईक गेलंच समजा.

८. तक्रार आली: शेड वेगळी, जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कमी. लगेच ‘वी अपॉलजाइज’ लिहू का?

‘सॉरी’, ‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलजाइज’ यांचं वजन सारखं नाही. ‘अपॉलजाइज फॉर द डिफेक्ट’ म्हणजे दोष तुमचा, हे लेखी कबूल केलंत. तपासायच्या आधी ते नको. उलट ‘वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड’ इतकं घासून गुळगुळीत झालंय की त्यात कुणालाच खेद दिसत नाही.

पहिल्या उत्तरात त्रासाबद्दल वाईट वाटल्याचं म्हणा, दोषाबद्दल नको, आणि लगेच माहिती मागा:

‘थँक यू फॉर लेटिंग अस नो. आय ॲम सॉरी धिस हॅज कॉज्ड यू ट्रबल. कुड यू सेंड अस द कार्टन नंबर्स, फोटोज इन डेलाइट, अँड वन पीस फ्रॉम द बॅच? वी आर चेकिंग अवर रिटेन्ड सॅम्पल टुडे अँड विल रिप्लाय बाय वेन्सडे.’

डेलाइट मुद्दाम म्हटलंय. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात एकाच टॉवेलची शेड वेगळी दिसते. जीएसएमच्या तक्रारीत आधी ऑर्डरमधली सूट बघा. ५०० जीएसएम, अधिक-उणे ५ टक्के ठरलं असेल तर ४७५ पर्यंत माल ऑर्डरप्रमाणेच आहे. तसं असेल तर नम्रपणे, पण आकड्यानिशी लिहा: ‘द मेझर्ड वेट ऑफ ४८० इज विदिन द अग्रीड टॉलरन्स.’ तपासात चूक आपलीच निघाली, की मग ‘वी अपॉलजाइज’ एकदाच, सरळ, आणि त्याच वाक्यासोबत भरपाई काय ती. चार वेळा माफी मागून भरपाईचं नाव नाही, असे मेल चिडवतात.

९. भाव कमी करा म्हणतात. ‘नाही’ कसं म्हणायचं?

आपल्याकडे ‘बघतो’ म्हटलं की समोरचा समजतो, होणार नाही. ‘वी विल ट्राय अवर लेव्हल बेस्ट’ लिहिलं की परदेशी माणूस समजतो, होणार आहे. पुढच्या आठवड्यात तो नवा भाव गृहीत धरून ऑर्डर पाठवतो आणि मग खरी कटकट सुरू होते.

‘नॉट पॉसिबल’ तुटक वाटतं. ‘अनफॉर्च्युनेटली, वी आर अनेबल टू रिड्यूस द प्राइस ॲट धिस क्वांटिटी’ हे नाही स्पष्ट आहे आणि दार उघडं आहे. पुढे अट जोडा: ‘इफ यू इनक्रीज द ऑर्डर टू ५,००० पीसेस, वी कॅन ऑफर अ टू पर्सेंट डिस्काउंट.’ कारण द्यायचं तर एकच द्या, सुताचा भाव. वीज, मजुरी, डिझेल अशी यादी लावली की ते रडगाणं वाटतं.

१०. सूर बरोबर होता, तरी गोंधळ झाला. असं का होतं?

बहुतेक वेळा आकडे आणि तारखा नडतात. तिथे औपचारिक-अनौपचारिक हा प्रश्नच नाही.

०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन माणसाला ४ मार्च. महिना अक्षरात लिहा. ‘लाख’ त्याला कळत नाही. १,५०,००० हा स्वल्पविरामही त्याला चुकीचा दिसतो, १५०,००० लिहा. ‘एंड ऑफ द डे’ म्हणजे कुणाचा दिवस? आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. ‘बाय ५ पीएम इंडिया टाइम’ लिहा.

आणि ‘शिप्ड’. ट्रक एमआयडीसीच्या गेटबाहेर पडला की आपण म्हणतो ‘माल निघाला’, आणि मेलमध्ये लिहितो ‘गुड्स शिप्ड’. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने शिप्ड म्हणजे जहाजावर चढला. सोलापूरहून न्हावाशेव्याला ट्रक जाणार, कस्टम होणार, जहाजाची वेळ येणार. मधले दिवस तो तुम्हाला खोटं बोलल्याचा हिशोब लावतो. गेटबाहेर पडला तर ‘डिस्पॅच्ड फ्रॉम अवर फॅक्टरी’, जहाजावर चढला तरच ‘शिप्ड’.

११. बँक, सरकारी ऑफिस, एलसीची कागदपत्रं: इथेही साधं इंग्रजी चालेल?

कागदपत्रांत नाही. प्रश्न १ मध्ये सांगितलेलं इथे उलटं. एलसीमध्ये मालाचं वर्णन जसं आहे, त्याच्याशी इन्व्हॉइसमधलं जुळलं पाहिजे. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागद बघते, माल नाही. एलसीत ‘टेरी टॉवेल्स’ असेल तर तुम्ही इन्व्हॉइसवर सुधारून ‘बाथ टॉवेल्स’ करू नका. वाक्य कितीही बोजड असो, तेच उतरवा.

सरकारी ऑफिसला ‘सब्जेक्ट’, ‘रेफरन्स’, ‘रिस्पेक्टेड सर’ हा साचा ठीक आहे. मात्र अर्जाचा क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका.

१२. एकाच मेलमध्ये जॉन, त्याची साहेबीण आणि आपला मुंबईचा एजंट आहे. सूर कुणाचा धरायचा?

ज्याच्याशी सर्वांत कमी ओळख, त्याचा. जॉनशी ‘हाय’ असलं तरी साहेबीण सीसीत आली की ‘डिअर जॉन’. तीन नावांपर्यंत नावं घ्या, मोठ्या पदाचं आधी. पुढे ‘डिअर ऑल’. कमिशनची गोष्ट या मेलमध्ये नाही. एजंटला बीसीसीत ठेवायचा मोह टाळा; त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की सगळ्यांना कळतं.

१३. सगळं व्हॉट्सॲपवर ठरतं. मग मेल कशाला, आणि त्यात इमोजी?

ठरलेलं लेखी राहावं म्हणून. त्याच दिवशी चार ओळी: ‘ॲज डिस्कस्ड ऑन व्हॉट्सॲप टुडे, वी कन्फर्म ३,००० पीसेस, ७५ बाय १५० सेंटिमीटर, ५०० जीएसएम, व्हाइट.’ इमोजी व्हॉट्सॲपवरच राहू द्या. भाव आणि तारीख या दोन गोष्टी नुसत्या अंगठ्यावर सोडू नका.

१४. एआयकडून मेल लिहून घेतला तर?

घ्या, पण तो बहुधा एक पायरी जास्त औपचारिक येतो. ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ आधी उडवा. मग आकडे, नावं आणि वचनं तपासा. तुम्ही म्हटलं असतं ‘प्रयत्न करू’, तिथे त्याने ‘वी गॅरंटी’ घातलेलं असू शकतं. त्याखाली सही तुमची असते.

१५. गड्ड्याच्या जत्रेला कारखाना बंद असतो. परदेशी गिऱ्हाइकाला हे कसं सांगायचं?

सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीला, म्हणजे नवं वर्ष सुरू होऊन त्याचं ऑफिस नुकतं जोरात आलेलं असतं तेव्हा. ‘ड्यू टू गड्डा यात्रा’ त्याला कळणार नाही आणि लांबलचक माहितीही नको. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच कळवा, कारण नंतर तो स्वतः नाताळच्या सुटीवर जातो:

‘हाय जॉन, अवर फॅक्टरी विल बी क्लोज्ड फ्रॉम १३ टू १६ जानेवारी फॉर सोलापूर्स ॲन्युअल टेंपल फेस्टिव्हल. टू कीप युअर ३० जानेवारी डिस्पॅच ऑन ट्रॅक, कुड यू अप्रूव्ह द लॅब डिप बाय ५ जानेवारी? काइंड रिगार्ड्स, सुनील.’

(लॅब डिप म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला रंगाचा छोटा नमुना.) तारखा आपल्या कारखान्याच्या घाला.